बापाच्या वळणावर

"बापाच्या वळणावर गेलाय हो! त्याचा बापही चार वर्षांचा होईतो शब्द बोलला नव्हता." मूल वेळेवर बोलत नाही, हाक मारली तर मान वळवीत नाही, खळ्यात वाळत घातलेल्या सुपाऱ्यांच्या ओळी लावीत एकटेच बसते, अशी काळजी सुनेने बोलून दाखविली की रत्नागिरीच्या आळीआळीतून, माजघराच्या अंधारातून हे उत्तर ठरल्यासारखे येते. त्यात समजूत असते आणि थोडा अभिमानही असतो. बाप पुढे मॅट्रिक झाला, कचेरीत लागला, त्याचे काही अडले नाही. तेव्हा नातवाचेही अडणार नाही, असा हा हिशेब आहे.

हे वाक्य एकाच वेळी घातक आहे आणि खरे आहे. घातक अशासाठी की त्याच्या भरवशावर घर दोन-तीन वर्षे स्वस्थ बसते, आणि ही वर्षे म्हणजे मुलाच्या भाषेची, खेळाची आणि संवादाची घडण होण्याचा नेमका काळ होय. खरे अशासाठी की म्हाताऱ्या आजीने कोणतेही पुस्तक न वाचता जे हेरले, ते सिद्ध करायला वैद्यकशास्त्राला विसाव्या शतकाचे शेवटचे चतुर्थक उजाडावे लागले. स्वमग्नता, अवधानाची अस्थिरता व अतिचंचलता, वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता या साऱ्या मेंदूच्या जन्मजात वेगळ्या घडणी आहेत आणि त्या बहुधा घराण्यात असतात. वळण बापाचे असते, कित्येकदा आईचे असते. मात्र बापाचे काही अडले नाही, ही त्या वाक्याची दुसरी बाजू कोणी तपासून पाहिलेली नसते.

पुढे कधी तरी शाळेतल्या बाई सुचवितात, किंवा गणपतीला मुंबईहून आलेला एखादा आप्त आग्रह धरतो, आणि मुलाला तज्ज्ञाकडे नेले जाते. तेथे आईबापांना एक लांबलचक प्रश्नावली विचारली जाते. मूल नजरेला नजर देते का? रोजचा क्रम बदलला की आकांत करते का? सदऱ्याची शिवण, कॉलरची पट्टी टोचते म्हणून कपडे उतरवून टाकते का? एकाच विषयात, मग ती कोकण रेल्वेच्या गाड्यांची वेळापत्रके असोत की नकाशे, तासन् तास गढून जाते का? आई उत्तरे देत असते आणि बाप खिडकीबाहेर पाहत असतो. पाचव्या-सहाव्या प्रश्नापाशी त्याच्या ध्यानात येऊ लागते की प्रश्न मुलाविषयीचे असले तरी उत्तरे आपली स्वतःची आहेत. पंगतीत न जेवता मागल्या पडवीत ताट घेऊन बसणारा मुलगा तो स्वतःच होता. मित्र थट्टा करीत आहेत की रागावले आहेत, हे न कळल्यामुळे मधल्या सुटीत वर्गातच बसून राहणारा मुलगाही तोच होता. हा प्रसंग कोणा एका घरचा नव्हे. प्रौढपणी ज्यांना स्वतःच्या घडणीचे नाव कळले, अशा जगभरच्या पुष्कळ माणसांची हकीकत अशीच मुलाच्या निदानापासून सुरू झालेली आहे.

१९७७ साली सुसान फोल्स्टाइन आणि मायकेल रटर या संशोधकांनी लंडनमधून २१ जुळ्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येक जोडीतील निदान एक मूल स्वमग्न होते. एकाच बीजांडापासून जन्मलेल्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न निघाली, तर दोन बीजांडांपासून झालेल्या १० जोड्यांत अशी एकही नव्हती. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, एकबीज जुळ्यांपैकी जी भावंडे स्वमग्न नव्हती, त्यांच्यातील बहुतेकांतही भाषेची वा आकलनाची काही ना काही अडचण आढळली. म्हणजे रक्तातून येणारी गोष्ट 'आहे' किंवा 'नाही' अशा दोनच रूपांत येत नाही; ती कोणात ठळक, कोणात पुसट उतरते. नंतरच्या मोठ्या अभ्यासांनी स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा सुमारे चार-पंचमांश आणि अतिचंचलतेत सुमारे तीन-चतुर्थांश असल्याचे दाखविले. हा वाटा समाजातील फरकांचा आहे. अमक्या बापाच्या पोटी अमके मूल येणारच, असा त्याचा अर्थ नव्हे. तरी मुलाचे निदान झाल्यावर डॉक्टरांनी आईबापांकडेही एकदा निरखून पाहावे, एवढे म्हणायला हा पुरावा पुरेसा आहे.

शब्दच उशिरा आला

मग बापाचे निदान त्याच्या बालपणी का झाले नाही? याचे उत्तर देताना कोणा मास्तरांना वा डॉक्टरांना दोष देण्याचे कारण नाही. त्या काळी शब्दच नव्हता. लिओ कॅनर यांनी अमेरिकेत ११ मुलांचे वर्णन करणारा आपला निबंध १९४३ साली प्रसिद्ध केला. १९४४ साली व्हिएन्नात हान्स आस्परगर यांनी बोलक्या, बुद्धिमान पण समाजात वावरता न येणाऱ्या मुलांविषयी लिहिले. त्यांचा जर्मन भाषेतील निबंध महायुद्धाच्या धुरळ्यात हरवला. (आस्परगर यांचे नाझी राजवटीशी असलेले सहकार्य अलीकडे उजेडात आल्यापासून त्यांचे नाव कोणी अभिमानाने घेत नाही, हे जाता जाता नमूद केले पाहिजे.) अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत स्वमग्नतेला स्वतंत्र स्थान मिळाले ते १९८० साली, तोवर तिची गणना बालपणीच्या छिन्नमनस्कतेत होई. १९८१ साली लोर्ना विंग या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ बाईंनी आस्परगर यांचे काम इंग्रजी वाचकांपुढे आणले. त्या स्वतः एका स्वमग्न मुलीच्या आई होत्या. बोलणाऱ्या, शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या माणसातही स्वमग्नता असू शकते, ही कल्पना वैद्यकशास्त्रात रुजली ती त्यानंतर. स्वमग्नता आणि अतिचंचलता ही दोन्ही निदाने एकाच माणसाला लावण्याची मुभा अमेरिकन सूचीने दिली ती तर २०१३ साली.

आपल्याकडे कायद्याची चाल याहूनही मंद राहिली. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने प्रकारांची संख्या २१ वर नेली आणि स्वमग्नतेबरोबर अध्ययन अक्षमतेलाही जागा दिली. १९७८ साली राजापूर किंवा लांजा तालुक्यातल्या एखाद्या वाडीत जन्मलेला मुलगा या हिशेबाने पाहावा. तो पहिलीत गेला तेव्हा विंगबाईंचा निबंध नुकताच छापून झाला होता, राष्ट्रीय न्यासाचा कायदा आला तेव्हा तो एकविशीत होता, आणि आपल्या स्वभावाला कायद्यात नाव आहे हे त्याला कळले तेव्हा त्याचा मुलगा शाळेत जात होता. अशा माणसाचे निदान 'उशिरा' झाले असे म्हणायचे, तर उशीर नेमका कोणाकडून झाला, हेही विचारायला हवे.

रत्नागिरीला या प्रश्नाची एक खास पार्श्वभूमी आहे. महाराष्ट्रात शासनाची जी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, त्यांतील एक १८८६ पासून या शहरात आहे. ठाणे आणि येरवडा यांच्याप्रमाणे रत्नागिरीचेही नाव त्यामुळे टोमण्यात येते. भिंतीच्या आतले ते वेडे आणि बाहेरचे ते शहाणे, अशी ढोबळ वाटणी शहराच्या अंगवळणी पडली. तथापि भिंतीबाहेरच्या शहाण्यांत एक तिसरा वर्ग होता आणि त्याला कोकणाने नावेही दिली: तऱ्हेवाईक, एककल्ली, तिरसट, विक्षिप्त. 'व्यक्ती आणि वल्ली'तील अंतू बर्वा रत्नागिरीचाच, हा योगायोग नव्हे. वल्लींना येथे जागा होती. अर्थात कथेतल्या किंवा इतिहासातल्या माणसांना मागाहून निदाने चिकटविण्याचा जो छंद हल्ली बोकाळला आहे, तो सर्वथा वर्ज्य मानावा. तिरकस बोलणे हा आजार नव्हे आणि एकटेपणा ही मेंदूची घडण नव्हे. सांगायचे एवढेच, की जुन्या कोकणाने वेगळ्या माणसाला इस्पितळात न धाडता ओसरीवर बसू दिले. रेकॉर्ड-रूममध्ये तीस वर्षांपूर्वीच्या फायलीचा क्रमांक तोंडपाठ सांगणारा कारकून, पंचांगाखेरीज कशावरही न बोलणारा भिक्षुक, प्रत्येक विद्यार्थ्याची जन्मतारीख लक्षात ठेवणारा पण कोणाचाही चेहरा न ओळखणारा गणिताचा मास्तर, अशी माणसे खपून गेली. त्यांना खपवून घेण्याची किंमत मात्र बहुधा घरातल्या बाईने मोजली.

शिमगा आणि सून

तऱ्हेवाईकपणाची ही सवलत पुरुषांपुरती होती. तऱ्हेवाईक सुनेला ओसरीवर जागा नव्हती. गणपतीत घरी चाळीस माणसे उतरलेली, चुलीवर मोदकांची उकड, भावकीतल्या बायकांचा एकाच वेळी चाललेला कालवा, आणि ज्या सुनेच्या कानांना भांड्याचा आवाज खिळ्यासारखा टोचतो ती सगळ्यांना हसून उत्तरे देते आहे, असे चित्र कल्पून पाहावे. ती विहिरीवर जाऊन उगाच दोन घागरी जास्त आणते, कारण तेथे दहा मिनिटांची शांतता असते. शिमग्यात श्री देव भैरीची पालखी दाराशी येते, ढोल-ताशांचा गजर होतो, लहानगा कानांवर हात ठेवून माळ्यावर पळतो. त्याला शोधायला म्हणून तीही वर जाते आणि दोघेही अंधारात बसून राहतात. खाली बोलणी सुरू होतात: पोर भित्रे, आणि आई शिष्ट.

मुलींमधील स्वमग्नता आणि अवधानाची अस्थिरता ओळखण्यात शास्त्रही मागे पडले, कारण कॅनर आणि आस्परगर यांनी पाहिलेल्या मुलांत मुलगे अधिक होते आणि निकष त्यांच्यावरून ठरले. मुलगी इतरांचे पाहून हसायला शिकते, मान डोलवायला शिकते, कोणत्या वेळी काय बोलावे याचा पाठ मनाशी करते. या सोंगाची सवय इतकी भिनते की ते सोंग आहे हे तिलाही ठाऊक नसते. ठाऊक असतो तो फक्त दिवसाअखेरचा थकवा. पुढे कधी डॉक्टरांकडे गेलीच तर निद्रानाश, चिंता, खिन्नता यांवर औषधे मिळतात. ती दुखणी खरीच असतात. त्यांच्या मुळाशी काय आहे, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो, आणि तो सुटतो तो बहुधा तिच्या मुलाच्या प्रश्नावलीपाशी.

आईला दोष देण्याची परंपरा शास्त्रानेही काही काळ चालविली, हे सांगितलेच पाहिजे. कॅनर यांनी १९४३ च्या निबंधात ही घडण जन्मजात असल्याचे म्हटले होते. पण त्याच निबंधात या मुलांचे आईबाप बुद्धिमान, आपल्याच विचारांत बुडालेले, मोकळेपणा कमी असलेले दिसतात, असेही निरीक्षण होते. वस्तुतः त्यांनी वळण पाहिले होते. परंतु पुढच्या वीस वर्षांत कारणाचे कार्य आणि कार्याचे कारण झाले: आईबाप थंड म्हणून मूल स्वमग्न, असा उलटा अन्वय लावला गेला. १९६७ साली ब्रूनो बेटलहाइम यांनी या मताचा ग्रंथच लिहिला आणि असंख्य मातांच्या मनावर अपराधाचा डाग ठेवला. त्याआधी, १९६४ सालीच, बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने मूळ मेंदूत आहे असे साधार मांडले होते. तेही एका स्वमग्न मुलाचे वडील होते. अखेर १९६९ साली कॅनर यांनी पालकांच्या सभेत उभे राहून त्यांना जाहीरपणे दोषमुक्त केले. रत्नागिरीच्या आईला बेटलहाइम ठाऊक असण्याचे कारण नाही. तिच्यासाठी घरातलीच कलमे तयार असतात: लाडावून ठेवले, मोबाइल हातात दिला, नोकरीपायी पोराकडे दुर्लक्ष केले. कॅनरसाहेबांचे दोषमुक्तीचे फर्मान अद्याप कोकणातल्या माजघरापर्यंत पोहोचलेले नाही.

आता प्रश्नाच्या गाभ्याकडे यावे लागेल. आईबाप आणि मूल दोघेही वेगळ्या घडणीचे असतील, तर त्या घरातले दिवस कसे जातात? बाहेरून वाटते की एकाच वळणाची माणसे, तेव्हा चांगले जमत असेल. काही वेळा तसे घडतेही. मुलाला टोचणारा सदरा टोचतो हे बापाला पटवावे लागत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये मुलाने आकांत मांडण्यापूर्वीच आई त्याला बाहेर काढते, कारण तो क्षण तिच्या अंगातही आलेला असतो. ही समज कोणत्याही प्रशिक्षणाने येणारी नव्हे. पण उलटही तितकेच घडते. ज्या मुलाला रोजचा क्रम मिनिटावर हवा, त्याची आई घड्याळ आणि किल्ल्या विसरणारी, अवधान न टिकणारी असेल, तर रोजची सकाळ ही दोघांची परीक्षा ठरते. ज्या बापाला घरी परतल्यावर तासभर शांतता हवी, त्याचा मुलगा एकच वाक्य शंभर वेळा म्हणत फिरतो. दोघांचीही गरज खरी असते. घर मात्र एकच आणि खोल्या दोन.

आणि सर्वांत कठीण असते ती अभ्यासाची वेळ. वह्या हरविणारा, पाढ्यात अडखळणारा, जागेवर न बसणारा मुलगा समोर असतो. शिकविणारा बाप स्वतः याच दोषांपायी वेताच्या छडीने, अंगठे धरून, बाकावर उभे राहून घडविला गेलेला असतो. त्याला मनापासून वाटते की त्या छडीनेच आपण सुधारलो. तो हात उगारतो. क्रूरता त्यामागे क्वचितच असते. असते ती भीती, की आपल्याला जे भोगावे लागले ते याला भोगावे लागेल. ज्या मारापासून मुलाला वाचवायचे तोच मार वाचविण्याचे साधन होतो, ही या घरांतली शोकांतिका आहे. बापाला स्वतःच्या घडणीचे नाव कळल्याने तिच्यात फरक पडू शकतो, कारण आपण छडीमुळे नव्हे तर छडी असूनही निभावलो, असा हिशेब तेव्हा प्रथमच त्याला मांडता येतो. असा हिशेब मांडणे सोपे नसते. चाळीस वर्षांचे आयुष्य पुन्हा वाचावे लागते. न मिळालेली बढती, मोडलेली मैत्री, बायकोशी झालेली भांडणे यांचा अर्थ बदलतो. काहींना त्याने सुटल्यासारखे वाटते, काहींना गेलेल्या वर्षांचे सुतक लागते, पुष्कळांना दोन्ही होते.

ऑस्ट्रेलियातील समाजशास्त्रज्ञ ज्युडी सिंगर यांनी १९९८ च्या आपल्या प्रबंधात 'न्यूरोडायव्हर्सिटी' हा शब्द वापरला, तो अशाच घरातून आला होता. आई, स्वतः आणि मुलगी अशा तीन पिढ्यांत एकच वळण त्यांनी पाहिले आणि जैविक विविधतेप्रमाणे मेंदूच्या घडणींचीही विविधता मानावी, असे सुचविले. मराठीत अच्युत गोडबोले यांनी 'मुसाफिर' या आत्मचरित्रात मुलाच्या स्वमग्नतेविषयी आणि तिच्याबरोबर जगण्याविषयी मोकळेपणाने लिहिले आहे. बापाने असे लिहावे ही आपल्याकडे साधी गोष्ट नव्हती.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. विसराळू माणसाला अवधानाचा विकार आणि लाजाळू माणसाला स्वमग्नता चिकटवायची हा शहरी चाळा आहे; ज्याला त्याला नावे देत सुटलो तर खऱ्या गरजूंच्या वाट्याचे काय उरेल, असे अनुभवी शिक्षकही विचारतात. ज्या घरात बोलू न शकणारे, स्वतः अन्न न खाऊ शकणारे मूल आहे, त्या घराला सुखवस्तू प्रौढाचे आत्मशोधन कुचेष्टेसारखे वाटले, तर तो दोष त्यांचा नव्हे. निदान प्रशिक्षित माणसाने, बालपणापासूनचा इतिहास पाहून आणि जगण्यात खरोखर अडथळा आहे की नाही हे तपासूनच करावे, याविषयी दुमत नसावे. परंतु आक्षेपाचा रोख चुकतो तो येथे: रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात आज अडचण अति-निदानाची नसून निदानाच्या अभावाची आहे. भारतातील पाच ठिकाणी, उत्तर गोव्यासह, झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा ते नऊ वर्षांच्या मुलांत मेंदूच्या विकासाशी निगडित अडचणींचे प्रमाण बहुतेक ठिकाणी शेकडा दहाच्या वर आढळले. यात अपस्मार, श्रवणदोष अशा अडचणीही मोजल्या होत्या, हे खरे. तरी पन्नास मुलांच्या वर्गात असे चार-पाच विद्यार्थी बसलेले असतात, हे शिक्षकाने धरून चालायला हरकत नाही. आणि ते सारे मोठे होतात.

अठराव्या वर्षानंतर

मुलांसाठी काही व्यवस्था उभी राहिली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून झाला. अंगणवाडीत आणि शाळेत मुले तपासायची आणि विकासात मागे असलेल्यांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचे, ही त्याची आखणी आहे. मतिमंद मुलांसाठी रत्नागिरीत 'आविष्कार' संस्थेची शाळा आणि कार्यशाळा चालते. पण ज्याची बुद्धी सर्वसाधारण आहे आणि घडण वेगळी, तो सामान्य शाळेतच बसतो, आणि त्याच्या तपासणीसाठी आईबाप रात्रीची गाडी धरून मुंबई गाठतात. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची मर्यादा अठरा वर्षांपर्यंत. त्यानंतर योजना संपते. माणूस तसाच पुढे चालू राहतो.

प्रौढाने प्रमाणपत्र मागायचे ठरविले तर काय होते? स्वमग्नता मोजण्यासाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली भारतीय मोजपट्टी वापरली जाते. तीत ४० मुद्दे आहेत, प्रत्येकास एक ते पाच गुण, आणि बेरीज ७० वा अधिक झाली तर स्वमग्नता मानली जाते. नजर मिळविणे, हसण्याला हसून प्रतिसाद देणे, ऐकलेले शब्द पुन्हा पुन्हा उच्चारणे असे हे मुद्दे मुलांचा विचार करून योजलेले आहेत. तीस वर्षे नजर मिळविण्याचा सराव केलेला पोस्टातला कारकून त्यात 'पास' होतो, म्हणजेच त्याला काही मिळत नाही. अवधानाची अस्थिरता आणि अतिचंचलता यांचा तर २०१६ च्या कायद्याच्या २१ प्रकारांत स्वतंत्र उल्लेखच नाही. ज्या घडणीवर औषधाचा बऱ्यापैकी उपयोग होतो ती कायद्यात नाही. आणि मेथिलफेनिडेट हे तिचे प्रमुख औषध अमली पदार्थांच्या कायद्याखाली नियंत्रित असल्याने जिल्ह्याच्या गावी सहजासहजी मिळत नाही.

नोकरीतल्या माणसाला हवे असते ते फार थोडे. तोंडी हुकमाऐवजी लेखी सूचना, खिडकीवरच्या गर्दीऐवजी आतले टेबल, एका वेळी एक काम, अचानक बदलीऐवजी महिनाभराची पूर्वसूचना. कायद्यातील 'वाजवी तजवीज' या शब्दांत हे सारे बसते आणि सरकारी कचेरीतल्या भेदभावास तो कायदा मनाई करतो. पण ही तजवीज मागायची तर साहेबांपुढे आपली घडण उघड करावी लागते. ज्या गावात मनोरुग्णालयाचे नाव टोमण्यासाठी वापरतात, तेथे हे धाडस करा असे दुसऱ्याला सांगणे सोपे आहे.

जिल्ह्यात करता येण्याजोगे काही नाही, असे मात्र नाही. दक्षिणेला, गोव्यात, 'संगाथ' या संस्थेने स्वमग्न मुलांच्या आईबापांना घरी जाऊन खेळ आणि संवाद शिकविण्याचा प्रयोग केला. शिकविणारे तज्ज्ञ डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते होते. हाच प्रयोग पाकिस्तानात रावळपिंडीलाही झाला. दोन्ही ठिकाणची मिळून ६५ मुले त्यात होती, आणि २०१६ साली 'लॅन्सेट सायकियाट्री' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले: आईबाप मुलाच्या कलाने घेऊ लागले आणि मुले आपण होऊन संवाद सुरू करू लागली. प्रयोग लहान होता हे मान्य केले तरी अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्त्या ज्या जिल्ह्याच्या वाडीवाडीपर्यंत पोहोचतात, त्याने यातून काही घ्यावे, अशी अपेक्षा गैर नाही. रत्नागिरीत २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि अशा महाविद्यालयाला मनोविकार विभाग असावाच लागतो. तो विभाग, १८८६ पासूनचे मनोरुग्णालय आणि मुलांची तपासणी करणारी यंत्रणा यांनी मिळून आठवड्यातला एक दिवस प्रौढांसाठी राखून ठेवायला नव्या इमारतीची जरुरी नाही. मुलाला घेऊन आलेल्या आईबापांना त्याच दिवशी, त्याच दालनात, 'तुमचे स्वतःचे लहानपण कसे होते?' एवढा एक प्रश्न विचारला गेला तरी पुष्कळ काम होईल. हा दिवस मनोरुग्णालयाच्या आवारात न ठेवता महाविद्यालयाच्या नेहमीच्या बाह्यरुग्ण विभागात ठेवावा, हेही ओघाने आलेच.

त्यात विलंब न करण्याचे एक व्यावहारिक कारण आहे. प्रौढाचे निदान करताना तो तीन-चार वर्षांचा असताना कसा होता, हे सांगणारे कोणी तरी लागते. शाळेच्या दाखल्यावर ते नसते, आणि त्याला स्वतःला ते आठवत नाही. ते आठवते फक्त त्याच्या आईला. साल तिला सांगता येत नाही. ती सांगते की गिरण्यांचा संप झाला, ह्याचे वडील मुंबईहून बोचके घेऊन कायमचे घरी आले, तेव्हा हा चार वर्षांचा होता. वडिलांनी हाक मारली तर याने वर पाहिले नाही; खळ्यात सुपाऱ्या लावीत बसला होता. संप १९८२ चा. सांगणारी म्हातारी आज ऐंशीच्या घरात आहे.